प्लेस्टेशन सर्वाधिक का खपले, आणि तुमच्या जुन्या यंत्राशी त्याचा काय संबंध : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीसाठी ठेवलेली जुनी व्हिडिओ गेम यंत्रे पाहून बरेच ग्राहक विचारतात, की करड्या रंगाची प्लेस्टेशन एवढी आणि सेगा सॅटर्न वर्षाकाठी एखादेच, असे का. याचे साधे कारण म्हणजे मुळात ती विकलीच त्या प्रमाणात गेली. सोनीचे पहिले प्लेस्टेशन जगभरात सुमारे १० कोटी २४ लाख खपले, निन्टेंडो ६४ सुमारे ३ कोटी २९ लाखांवर थांबले आणि सॅटर्नला एक कोटीचा आकडाही गाठता आला नाही. हा फरक कशामुळे पडला हे कळले, की जुने प्लेस्टेशन नेमके कोठे बिघडते तेही आपोआप कळते. म्हणून दोन्ही गोष्टी या पत्रकात एकत्र दिल्या आहेत.

प्लेस्टेशनचा जन्म एका फिसकटलेल्या करारातून झाला. निन्टेंडोच्या यंत्रासाठी सीडी ड्राइव्ह बनवण्याचे काम सोनीकडे होते, परंतु १९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात निन्टेंडोने ऐनवेळी फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली आणि सोनीचे अभियंते केन कुतारागी यांनी स्वतंत्र यंत्राचा आग्रह धरला. ते ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये आणि सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिका व युरोपात बाजारात आले.

आमच्या मते निर्णायक गोष्ट होती ती सीडी. निन्टेंडोने १९९६ सालीही कार्ट्रिजच ठेवले, ज्याला आपल्याकडे सगळे कॅसेट म्हणत. कार्ट्रिजमध्ये चिप असते, त्यामुळे ते बनवणे महाग पडते आणि त्याची मागणी बरीच आधी नोंदवावी लागते. माल उरला तर पैसे अडकतात आणि कमी पडला तर ऐन हंगामात दुकान रिकामे राहते. सीडी मात्र अत्यल्प खर्चात छापता येते, खप वाढला की थोड्याच दिवसांत आणखी छापून घेता येते, आणि तिच्यात सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावतो, तर निन्टेंडो ६४ च्या सर्वांत मोठ्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम ६४ मेगाबाइट मावत असे. स्क्वेअर ही कंपनी वर्षानुवर्षे निन्टेंडोसाठी गेम बनवत आली होती. तिने १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ हा गेम प्लेस्टेशनवर तीन सीडींमध्ये आणला. कार्ट्रिजवर तो त्या रूपात मावणे शक्यच नव्हते. छोट्या प्रकाशकांनाही सीडीमुळे फारशी जोखीम उरली नाही, आणि गेमची संख्या वाढत गेली तशी गिऱ्हाइकेही वाढत गेली.

किमतीचाही वाटा होताच. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने सॅटर्न त्याच दिवसापासून ३९९ डॉलरला मिळेल असे जाहीर केले. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. शिवाय सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर होते आणि दोघांकडून नीट काम करून घेणे प्रोग्रामरांना अवघड जाई, तर प्लेस्टेशनची रचना सुटसुटीत होती. चित्र त्याचेही निर्दोष नव्हते. गेममधल्या सरळ रेषेतल्या फरशा थरथरताना दिसतात तो तुमच्या यंत्राचा बिघाड नव्हे, ते मुळातच तसे आहे.

आता दुरुस्तीविषयी. ज्या सीडीने प्लेस्टेशनला बाजार मिळवून दिला, तीच त्याची दुखरी बाजू आहे, कारण कार्ट्रिजच्या यंत्रात हलणारे काही नसते आणि येथे मोटर फिरते, लेन्स सरकते. सुरुवातीच्या मॉडेलांत लेन्सचा सांगाडा प्लास्टिकचा असून तो पॉवर सप्लायच्या शेजारी बसवलेला होता. उष्णतेने आणि घर्षणाने तो झिजला, की चित्रफिती अडखळू लागतात. यंत्र उलटे ठेवले की चालते, असे सांगणारे ग्राहक आजही येतात. ते खरे आहे, पण त्याने लेन्सचा कोन तेवढा बदलतो, झीज भरून निघत नाही. नंतरच्या मॉडेलांत लेन्स पॉवर सप्लायपासून दूर नेली आहे, म्हणून विकत घेताना शक्यतो तीच निवडावीत. प्लेस्टेशनच्या मूळ सीडीच्या काळ्या पाठीमुळे यंत्राला नक्कल ओळखता येते हा मात्र गैरसमज आहे. काळेपणा केवळ रंगाचा आहे, आणि ओळखीची खूण सीडीच्या आतल्या कडेला, सामान्य सीडी रायटरला उमटवता न येणाऱ्या सूक्ष्म कंपनांच्या रूपात असते.

परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेले यंत्र जोडण्यापूर्वी त्याच्या तळाचे लेबल अवश्य वाचावे. मॉडेल क्रमांकाचा शेवटचा अंक ० असल्यास यंत्र जपानचे आणि १ असल्यास अमेरिकेचे असते. ती अनुक्रमे १०० आणि १२० व्होल्टची आहेत, तर २ हा अंक युरोपच्या यंत्रांवर असतो आणि ती आपल्या विजेवर चालतात. घोटाळा असा होतो, की जुन्या टेपरेकॉर्डरची दोन छिद्रांची वायर यातील प्रत्येक यंत्राला व्यवस्थित बसते. त्या वायरने जपानचे किंवा अमेरिकेचे यंत्र थेट २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावले, की पॉवर बोर्ड जळतो. अशा यंत्रासाठी व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आवश्यक आहे.

यंत्र दुरुस्तीला आणताना मेमरी कार्ड काढून घरीच ठेवावे. सॅटर्नमधील नोंदी आतल्या बटण सेलवर टिकतात आणि सेल संपला की पुसल्या जातात. प्लेस्टेशनच्या कार्डात सेल नसल्याने १९९८ साली अर्धवट सोडलेला गेम त्यात अजूनही असण्याचा बराच संभव असतो.