अँटेनाचं टोक खोलीकडे रोखू नका

राउटर बसवून आम्ही निघालो की काही दिवसांनी फोन येतो, "आतल्या खोलीत रेंज नाही, अँटेना तिकडे वळवला तरी नाही." वळवला म्हणजे त्याचं टोक त्या खोलीकडे रोखलेलं असतं. टॉर्चसारखा टोकातून झोत निघत असेल, असं कुणालाही वाटेल. पण काडीसारख्या अँटेनाच्या टोकातून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. लहरी निघतात त्या त्याच्या अंगातून, चहूबाजूंनी.

हवा भरलेली गाडीची ट्यूब उभ्या दांड्यात ओवली आहे, अशी कल्पना करा. दांडा म्हणजे अँटेना, ट्यूब म्हणजे रेंज. दांड्याच्या बरोबर वर आणि खाली पोकळी. म्हणून सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर असतील तर अँटेना सरळ उभे ठेवा. वरच्या किंवा खालच्या मजल्यावरही नेट हवं असेल, तर एक उभा ठेवून दुसरा आडवा करा.

"मोठा अँटेना लावून द्या" असंही बरेच जण म्हणतात. त्यानं ताकद वाढत नाही, तीच ट्यूब दाबून चपटी होते. त्याच मजल्यावर रेंज लांब जाते, वर-खाली मात्र घटते. दुमजली घरात आम्ही तो सहसा सुचवत नाही.

सिग्नल पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडचे अँटेना एकाच पद्धतीने उभे किंवा आडवे असणंही महत्त्वाचं. घरात लहरी भिंतींवर आपटून दिशा बदलतात, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण दोन गच्च्यांमध्ये समोरासमोर जोडणी करताना एक उभा आणि एक आडवा राहिला, तर सिग्नल शंभराव्या हिश्श्यावर येऊ शकतो.

बदल जमला की नाही हे फोनवरच्या सिग्नलच्या कांड्या मोजून ठरवू नका. सिग्नलचा आकडा दाखवणारं अ‍ॅप फोनमध्ये घ्या. तो डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. उणे ५० डीबीएम उत्तम, उणे ८० म्हणजे नेट तुटतुटत चालणार. ३ चा फरक म्हणजे ताकद निम्मी किंवा दुप्पट, १० चा म्हणजे दहापट. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १२.५ सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे फोन चार बोटं सरकला तरी आकडा हलतो. फोन एकाच जागी ठेवा, अँटेना फिरवा, थोडं थांबा, मग वाचा.

राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर आधी तो तिथून काढा, मग अँटेनाकडे वळा. ज्या राउटरला बाहेर अँटेनाच दिसत नाहीत, त्यांचे आत बसवलेले असतात. असा राउटर उभा ठेवण्यासाठी बनवलेला असेल, तर तो आडवा टाकू नका.