अडीच हजार वर्षांपूर्वी किती घुबडं पाडली?

परवा फॅमिली ग्रुपवर काकांनी ते नेहमीचं फॉरवर्ड टाकलं, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती, आणि विकायचं नसेल तर तिजोरीत ठेवा, पैसा खेचला जातो. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सांगितलंय की आमच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारात कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, ते मी लगेच खाली चिकटवलं. पण त्याखाली चुलतभावाने एक खरंच चांगला प्रश्न टाकला. जुनं नाणं दुर्मिळ आहे म्हणतात, पण मुळात किती पाडली होती हे कळतं कसं? टांकसाळीची वही थोडीच उरलीय?

नाहीच उरली, निदान प्राचीन ग्रीकांची तरी जवळजवळ कुठलीच नाही. पण मोजता येतं, आणि ज्या युक्तीने मोजतात ती मला इतकी आवडते की ग्रुपवर लिहायला घेतलं ते इथे येऊन पोचलं.

अथेन्सचं घुबड घ्या. चार द्राख्मांचं (द्राख्मा म्हणजे तिथलं चलन) चांदीचं नाणं, साधारण 17.2 ग्रॅम, एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड आणि ऑलिव्हची डहाळी. चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली. इ.स.पू. 483 च्या सुमारास तिथे मोठं घबाड लागलं आणि थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने ते लोकांत वाटण्याऐवजी युद्धनौका बांधायला लावले, ज्या तीन वर्षांनी सलामिसच्या समुद्री लढाईत इराणी आरमाराविरुद्ध कामी आल्या.

हे सगळं नाणं हाताने पाडलेलं. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची तापवलेली चकती, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसे कारागीर हाताने कोरणार, म्हणजे दोन ठसे कधीच हुबेहूब सारखे नसतात. कुठे अथेनाच्या कानातलं खाली आलंय, कुठे घुबडाचा पाय वाकडा. आणि ठशाला तडा गेला की त्यात चांदी शिरते, मग त्या ठशाच्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर केसासारखी एक उंचवटलेली रेघ येते. मी एकदा दोन म्युझियमच्या साइटवरचे फोटो शेजारी ठेवून झूम केले तर दोन्हीकडे अथेनाच्या गालावर तीच रेघ, त्याच कोनात. वेगळे देश, वेगळे मालक, पण ठसा एकच! त्या रात्री जेवण थंड झालं.

वरच्या ठशावर हातोडा थेट पडतो म्हणून तो लवकर जातो, खालचा ऐरणीच्या आधाराने जास्त टिकतो. म्हणून मोजणी खालच्या ठशांवरून करतात.

आता खरी गंमत. शाळेत असताना बबलगमच्या पाकिटात क्रिकेटर्सची कार्डं यायची, आठवतंय? सुरुवातीला प्रत्येक कार्ड नवं, मग तोच तो वेंगसरकर यायला लागला की समजायचं आता बरीचशी जमली. किती कार्डं छापलीत हे कंपनीला न विचारता कळायचं, नुसतं किती वेळा रिपीट होतंय यावरून. ठशांचंही तेच. समजा 100 नाणी तपासली आणि 20 च ठसे निघाले, म्हणजे सगळे पुन्हा पुन्हा येतायत, फारसं काही लपलेलं नाही. पण 100 नाण्यांत 60 ठसे निघाले आणि त्यातले 36 एकेकदाच दिसले तर?

हे एकेकदा दिसलेले म्हणजे एकांडे, सगळी माहिती त्यांच्यात. पुढचं नाणं हातात आलं तर ते अजून न पाहिलेल्या ठशाचं असण्याची शक्यता साधारण 100 पैकी 36, म्हणजे एकांडे भागिले एकूण नाणी, बस. ही कल्पना गणितज्ञ ॲलन ट्युरिंगची, दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश केंद्रात जर्मनांचे गुप्त संदेश फोडताना सुचलेली, आणि त्याचा सहकारी आय. जे. गुड याने 1953 मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे वॉरन एस्टी या गणितज्ञाने नाण्यांवर या गणिताचं बरंच काम केलं. काही ठसे लवकर फुटतात, काही खूप चालतात हे धरलं तर एक साधं सूत्र मिळतं, नाणी गुणिले दिसलेले ठसे, भागिले त्या दोघांतला फरक. 60 ठशांच्या उदाहरणात 6000 भागिले 40, म्हणजे 150. नव्वद ठसे कोणी पाहिलेलेच नाहीत आणि तरी ते हिशोबात आले. 20 ठशांच्या उदाहरणात उत्तर फक्त 25. एक पथ्य मात्र पाळावं लागतं, सगळी नाणी एकाच हंड्यातली नकोत, कारण टांकसाळीतून ताजा निघालेला ढीग पुरलेला असेल तर त्यात एकाच ठशाची भावंडं खच्चून सापडतात आणि गणित फसतं.

इथपर्यंत सगळं छान. पण एका ठशाने किती नाणी पडायची? इथे ग्रीसमधल्या डेल्फी या देवस्थानातला शिलालेख मदतीला येतो. इ.स.पू. 336 च्या आसपास तिथल्या देवस्थानाच्या मंडळाने जुनी नाणी वितळवून नवी पाडली आणि हिशोब दगडावर कोरून ठेवला. चांदी माहीत, ठसे मोजता येतात, भागाकार केला की एका खालच्या ठशामागे साधारण 23 ते 47 हजार नाणी येतात. बेल्जियमचे नाणेतज्ज्ञ फ्रांस्वा द कालाताय अशा हिशोबांत साधारण 20 हजार धरतात. तेवढी धरली तर आपले 150 ठसे म्हणजे 30 लाख नाणी, जवळपास 52 टन चांदी, ग्रीक मापात 2000 टॅलेंट. दहा हजार धरली तर लगेच निम्मं.

थिओडोर बट्री या नाणेतज्ज्ञांनी 1993 मध्ये यावरच हल्ला चढवला, ठसा फुटेपर्यंतच वापरला याची खात्री कोण देणार, चांदी संपली म्हणून ठसा बाजूला पडला असेल तर? मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. कुठे '150 ठसे' वाचलं तर मी निमूट मान हलवतो, पण '30 लाख नाणी' दिसलं की समासात पेन्सिलीने छोटंसं प्रश्नचिन्ह काढून ठेवतो.