रुग्णाआधी स्कॅन पोचतो तेव्हा

तोंड एका बाजूला वाकडं झालं, जीभ जड झाली, हात उचलेना, की हा लकवा आहे हे घरातल्यांनाही कळतं. तो कुठल्या प्रकारचा, हे मात्र नुसतं बघून कसलेल्या डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या ४.५ तासांत द्यावं लागतं. वाहिनी फुटली असेल, तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. हा फरक सीटी स्कॅनमध्ये दिसतो, आणि स्कॅनर असतो हॉस्पिटलात. मोठी वाहिनी तुंबली, तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे.

मग स्कॅनरच रुग्णाच्या दारात का नेऊ नये? जर्मनीतल्या होम्बुर्गचे मेंदूविकारतज्ज्ञ क्लाउस फासबेंडर यांनी २००३ मध्ये हा विचार मांडला आणि २००८ मध्ये तशी रुग्णवाहिका रस्त्यावर आणली. आत डोक्यापुरता छोटा सीटी, किरणं बाहेर जाऊ नयेत म्हणून शिशाचा पत्रा, रक्त तपासायची सोय आणि कॅमेरा. गाडी उभी करून स्कॅन काढायचा आणि हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाकडे पाठवायचा. तिथल्या १०० रुग्णांच्या चाचणीत फोन आल्यापासून उपचार ठरेपर्यंतचा वेळ ७६ मिनिटांवरून ३५ वर आला.

स्कॅन पाठवणं हे काम वाटतं तितकं साधं नाही. सीटीच्या एका छेदात ५१२ गुणिले ५१२ ठिपके असतात. प्रत्येकी दोन बाइट धरले तर छेदाला अर्धा एमबी. डोक्याचे तीसेक छेद म्हणजे १५ एमबी. आजच्या नेटवर्कला हे ओझं मुळीच नाही. पण करड्या रंगाच्या छटा महत्त्वाच्या. मूळ फाइलमध्ये त्या हजारोंनी असतात, आणि तज्ज्ञ त्यातला अगदी अरुंद पट्टा ताणून बघतो. रक्तस्राव पांढराशुभ्र उठून दिसतो. गुठळीमुळे उपाशी पडलेला भाग मात्र पहिल्या तासांत आजूबाजूच्या मेंदूपेक्षा जेमतेम काळपट असतो. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला, की नेमका हाच फरक पुसला जातो. म्हणून मूळ फाइलच गेली पाहिजे, यात तडजोड नको.

कॅमेऱ्यावर तज्ज्ञ रुग्णाला दोन्ही हात समोर धरायला सांगतो, एखादं वाक्य म्हणायला लावतो. मोठी गुठळी असावी असं दिसलं, तर गाडी जवळच्या दवाखान्यात न थांबता, नळी घालून गुठळी काढण्याची सोय असलेल्या हॉस्पिटलकडे वळते.

भारतात आसाममध्ये आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, अशा गाड्या वापरून पाहिल्या आहेत. त्या महागड्या आहेत, प्रत्येक तालुक्याला मिळणार नाहीत. तरी जिथून मोठं हॉस्पिटल तासन्‌तास दूर आहे, तिथं त्यांची गरज सर्वांत जास्त आहे, असं मला ठामपणे वाटतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच स्कॅनरमध्ये मिनिटाच्या हिशेबानं दिसत नाही: त्रास किती वाजता सुरू झाला. ती घरच्यांनीच सांगायची. झोपेतून उठल्यावर लकवा लक्षात आला, तर वेळ उठल्यापासून धरत नाहीत, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून धरतात. १०८ ला फोन करतानाच ती वेळ सांगा.