मधपेटीचे तेलपाणी व रंगकाम

मधमाश्यांच्या लाकडी पेटीला पाऊस, ऊन, बुरशी आणि वाळवीपासून जपण्यासाठी तिच्या बाहेरच्या अंगाला तेल, मेण किंवा रंग लावतात. मुंबईत वर्षाला २,००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्यात खारी हवा, तिने खिळे गंजतात आणि सांधे सैल होतात. देशावरच्या कोरड्या हवेत चालून जाणारी हयगय इथे चालत नाही.

पेटीची आतली बाजू मात्र कोरीच ठेवायची. माश्या मकरंदातले पाणी उडवून मधातला ओलावा साधारण २० टक्क्यांवर किंवा त्याखाली आणतात. ती वाफ कोरे लाकूड थोडीफार शोषते, रंगवलेल्या फळीवर तिचे थेंब साचतात. शिवाय पोळ्याचे मेण रसायने सहज ओढून घेते. मेलिफेरा या युरोपीय जातीच्या माश्या आतून स्वतःच राळेचा थर देतात. आपली देशी जात सातेरी राळ फारशी गोळा करत नाही, तरीही तिच्या पेटीत आतून काही लावू नये. ती बुजरी जात आहे. उग्र वासाने अख्खी वसाहत पेटी सोडून जाऊ शकते. पोळ्यांच्या चौकटी टेकतात त्या खाचाही कोऱ्या हव्यात. अमेरिकी मधपाळ लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये हेरलेली माश्यांच्या ये-जा करण्याची फट जेमतेम ६ ते ९ मि.मी.ची असते. रंगाचे दोन-तीन थर खाचेत बसले की ती कमी होते आणि चौकट चिकटते.

सागवानी पेटीला मुळातच वाळवी कमी लागते. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइनवुड स्वस्त पडते, पण पाणी पटकन पिते. असे लाकूड घेताना शिक्का पाहावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. ‘एमबी’ शिक्क्याचे घेऊच नये. क्रिओसोट (डांबरापासून काढलेले लाकूडरक्षक तेल), आर्सेनिकयुक्त लाकूडरक्षक आणि वाळवीनाशक द्रावणे पेटीला पूर्ण वर्ज्य आहेत. वाळवीला मारणारे औषध माशीलाही मारते.

सर्वांत जुना लेप अळशीच्या तेलाचा. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ तेलात बहुधा तेल लवकर सुकवणारे धातूंचे क्षार असतात, म्हणून कच्चे तेल बरे, जरी ते सुकायला अनेक दिवस घेते. १ लिटर तेलात सुमारे ५० ग्रॅम मधमाशीचे मेण घालून, भांडे गरम पाण्यात ठेवून विरघळवावे. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. उन्हात तापलेल्या रिकाम्या पेटीवर हे कोमट मिश्रण चिंधीने रेषेच्या दिशेने चोळावे. फळीची कापलेली टोके पाणी सर्वांत जास्त ओढतात. ती तेल पीत राहतील तोवर तिथे पुन्हा पुन्हा द्यावे. अर्ध्या तासाने वर उरलेले तेल पुसून काढावे, नाहीतर ते चिकट राहते आणि त्यावर धूळ बसते.

पण मुंबईच्या दमटपणात नुसत्या अळशीच्या तेलावर काळी बुरशी धरते. त्यामुळे छपरासाठी आणि पश्चिमेचा पाऊस झेलणाऱ्या बाजूसाठी पाण्यात मिसळणारा, फिक्या रंगाचा एक्स्टिरिअर इमल्शन इथे अधिक भरवशाचा. फिका रंग ऊनही परतवतो. या रंगात बुरशीनाशक असते, तेव्हा तो फक्त बाहेरून द्यावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघड्यावर ठेवावी. तळपाटाच्या खालच्या बाजूलाही एक हात द्यावा. ओल तिथूनच चढते आणि नेमकी तीच बाजू राहून जाते. वितळलेल्या मेणात पेटी बुडवण्याची पद्धत परदेशात प्रचलित आहे. त्यासाठी मेण १५० अंशांच्या आसपास तापवावे लागते. इमारतीच्या गच्चीवर तो आगीचा खेळ करू नये.

हे काम मार्च ते मेमध्ये, लाकूड आतपर्यंत वाळलेले असताना उरकावे. भरल्या पेटीला हात लावू नये. जादा पेटी आधी तयार करून, पूर्ण वाळल्यावर वसाहत तिच्यात हलवावी आणि नवी पेटी जुन्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून ठेवावी. गंज टाळायला स्टेनलेस किंवा पितळी स्क्रू वापरावेत. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली ठेवलेल्या वाट्यांतल्या पाण्यावर तेलाचा तवंग असू द्यावा, म्हणजे त्यात डासांच्या अळ्या होत नाहीत. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या पाण्यात भिजवून, मोकळ्या जागेत पसरून वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.