खुलासा : 'डाउनलोड केलं नाही, म्हणजे धोका नाही' हे चूक आहे

मालवण-देवगडकडे होमस्टेचं किंवा आंब्याचं बुकिंग जुन्या कॉम्प्युटरवर सांभाळणाऱ्यांकडून एक गोष्ट वर्षानुवर्षं ऐकू येते : व्हिडिओ नुसता बघितला तर काही होत नाही, फाइल उतरवली तरच व्हायरस येतो.

असं नाही. व्हिडिओ दाखवायचा तर प्लेयरला आधी ती फाइल मेमरीत वाचावी लागते. फाइलनेच सांगितलेल्या आकारावर प्लेयरने आंधळा विश्वास ठेवला, तर राखलेली जागा कमी पडते आणि जास्तीचा डेटा, खाजणाचा बांध फुटून खारं पाणी शेजारच्या भातात शिरावं तसा, बाजूच्या मेमरीत घुसतो. तिथे पुढची आज्ञा कुठून घ्यायची याचे पत्ते असू शकतात. ते बदलले की कॉम्प्युटर हल्लेखोराचं ऐकू लागतो. तुम्ही कुठेही 'ओके' दाबलेलं नसतं!

दुसरा प्रकार जास्त फसवा : मेमरीतली मोकळी केलेली जागाच प्रोग्राम, ती अजून आपलीच आहे असं समजून, पुन्हा वापरतो. जुलै २०१५ मध्ये 'हॅकिंग टीम' या, पाळतीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या इटालियन कंपनीचा डेटा फुटला, त्यात फ्लॅश प्लेयरमधली (ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणारा तेव्हाचा प्रोग्राम) अशीच त्रुटी सापडली आणि काही दिवसांतच गुन्हेगारांनी ती वापरली.

३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार (सपोर्ट) संपला, पण धोका संपला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारच्या फाइलमधली चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत (अनेक प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) वरच्या पहिल्या प्रकारची चूक निघाली. क्रोम, फायरफॉक्स दोन्ही तातडीने दुरुस्त करावे लागले. म्हणून ब्राउझरचं अपडेट ब्राउझरच्या सेटिंगमधूनच घ्या. 'फ्लॅश प्लेयर अपडेट करा' अशी खिडकी आज उघडली, तर ती खोटीच आहे. लगेच बंद करा.