माँ ब्लाँला जायचंय, मग आधी ग्रान पाराडिसो का?

नोंदणीला येणारा जवळजवळ प्रत्येक गट हेच विचारतो. बारा दिवसांची रजा मुश्किलीने मिळालीय, पैसे आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराचे भरलेत, मग निम्मे दिवस इटलीतल्या ग्रान पाराडिसोसारख्या दुसऱ्या डोंगरावर कशाला घालवायचे? शिवाय दर रविवारी देवगिरी चढतोयच की!

देवगिरी चढाच. पाठीवर दहा किलो घेऊन बारादरीपर्यंत दोन-तीन फेऱ्या मारल्या की मांड्या आणि दम दोन्ही तयार होतात. पण आपलं छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून जेमतेम ५७० मीटरवर आणि किल्ल्याचा डोंगर त्याहून साधारण २०० मीटर उंच. माँ ब्लाँचा माथा ४,८०० मीटरच्या थोडा वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त, म्हणजे दर श्वासात ऑक्सिजनही त्याच मानाने कमी. ही सवय इथे लागत नाही, कळसूबाईवरही नाही.

विरळ हवेत आधी श्वास वाढतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीवाटे टाकतात तसा तो लगाम सैल होतो. याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे हवेत, ते आपल्यापाशी नसतात. (लघवी जास्त होणं चांगलं लक्षण आहे. रात्री थंडीत उठावं लागतं म्हणून पाणी तोडू नका.)

म्हणून पहिले दोन दिवस मुक्काम माँ ब्लाँच्या पायथ्याच्या फ्रेंच गावात, शामोनीत, १,०३५ मीटरवर. दिवसा लाक ब्लाँ तळ्यापर्यंत, २,३५२ मीटर, चढायचं आणि झोपायला खाली यायचं. एग्वी द्यू मिदी या शिखराची केबल कार थोडक्या वेळात ३,७७७ मीटरवर नेते. मोह होतो, पण पहिल्या दिवशी फोटोपायी जाऊ नका. नंतर बोगद्यातून इटलीत. सुमारे २,७०० मीटरवरच्या गिर्यारोहकांच्या झोपडीत रात्र काढून पहाटे अंधारात ग्रान पाराडिसो, ४,०६१ मीटर. क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटांना लावायचे काटे) आणि दोराची खरी शिकवणी याच हिमनदीवर होते.

रूढ सल्ला असा की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. माँ ब्लाँ चढायच्या गुतेच्या वाटेवर आपण तो थोडा मोडतो: तेत रूसची झोपडी ३,१६७ मीटरवर, गुतेची ३,८३५ वर. आधीच्या चढाईची शिदोरी असल्याशिवाय आम्ही ते करणार नाही. दोन झोपड्यांच्या मधली दगड कोसळणारी घळ भल्या पहाटे, थंडीने दगड गोठलेले असताना ओलांडायची. तिथे धाप लागून मध्येच थांबणारा माणूस परवडत नाही.

आता मित्रांबद्दल. अनोळखी माणसापेक्षा मित्रासमोर उंचीवरची डोकेदुखी लपवणं जास्त होतं. आमच्याच एका गटात जालन्याचा एक गडी रात्रभर ओकत होता आणि सकाळी "काही नाही, ॲसिडिटी" म्हणत बूट घालत होता. सोबत्यानेच सांगितलं म्हणून कळलं. तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्याच क्षणी खाली. गट मत घेत बसणार नाही. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर नको.

माँ ब्लाँवर एका गाइडबरोबर दोघेच, म्हणजे चौघांच्या गटाचे दोन दोर, दोराने बांधलेल्या दोन तुकड्या, होतात. एक दोर माथ्यावर आणि दुसरा परत, असंही घडू शकतं. वर भूक मरते, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ मात्र जातो, तेव्हा पुड्या बांधून आणा. पहिल्या बैठकीला चौघेही या. तिघांनी ठरवायचं आणि चौथ्याला फोनवर कळवायचं, अशा गटाचे पैसे आम्ही घेत नाही.