अभ्यासाचा गट की कॉपीचा अड्डा? उच्च शिक्षणातल्या सोशल नेटवर्किंगची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांना संगणकावर एकमेकांशी गप्पा मारता आल्या त्या १९७३ मध्येच, अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये ‘प्लेटो’ या अध्यापन यंत्रणेवर. पण आज ज्यावरून वाद होतात ते सगळे २००४ नंतरचे. फेसबुक सुरुवातीला फक्त कॉलेजचा ईमेल असणाऱ्यांसाठी होते. सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांना खुले झाले, तोवर विद्यार्थ्यांनी ती जागा आपली मानली होती. प्राध्यापकांची फ्रेंड रिक्वेस्ट आली की त्यांना अवघडल्यासारखे होई, ते त्यामुळेच.

खरी ठिणगी पडली २००८ मध्ये, टोरंटोत. तिथल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी रसायनशास्त्राच्या गृहपाठासाठी फेसबुक गट चालवत होता. सदस्य १४६. गृहपाठाला १० टक्के गुण होते आणि तो ज्याचा त्याने सोडवायचा, अशी प्राध्यापकांची अट होती. गटावर मात्र ‘उत्तरे टाका’ असे आवाहन होते. विद्यापीठाने गट चालवल्याचा एक आणि प्रत्येक सदस्यामागे एक, असे १४७ आरोप ठेवले. हकालपट्टीची शिफारसही झाली. मार्चमधल्या सुनावणीनंतर ती टळली, पण त्या गृहपाठाला शून्य मिळाले.

ते आवाहन चुकीचेच होते, त्याची शिक्षा समजू शकते. पण सदस्य मोजून आरोप लावणे कुठल्या न्यायात बसते? विद्यार्थी तळघरातल्या अभ्यासिकेत एकत्र बसून गृहपाठ करत, तेव्हा कोणी डोकी मोजली नव्हती. फेसबुकवर सगळे लेखी उरले, म्हणून मोजता आले. कृत्यापेक्षा त्याच्या नोंदीलाच इथे जास्त वजन मिळाले.

त्याच वर्षी कॅनडातच मॅनिटोबात उलटा प्रयोग झाला. एका खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात शुल्क भरणारे सुमारे २५ आणि फुकट सामील झालेले सुमारे २,२०० जण ब्लॉगवर, चर्चांमध्ये एकमेकांकडून शिकले. तिथे आपसातली चर्चा हाच अभ्यास होता.

२०२० मध्ये वर्ग बंद पडले आणि व्हॉट्सॲप, डिस्कॉर्डवरचे गट हाच अनेकांचा आधार झाला. फेसबुकनेही त्या सप्टेंबरमध्ये कॉलेजांसाठी वेगळा विभाग काढला. मार्च २०२२ मध्ये तो गुंडाळला. प्राध्यापकांना दिसणारी चर्चा अधिकृत प्रणालीवर आणि खरी विचारपूस खाजगी गटात, ही विभागणी तशीच आहे. एकत्र काय सोडवायचे आणि एकट्याने काय, हे सत्राच्या पहिल्याच दिवशी लेखी सांगणे आता विद्यापीठांच्याच हातात आहे.